मानसिक आजाराच्या भरती उपचारांना जन आरोग्य योजनेचे पूर्ण संरक्षण मिळावे

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मानसिक आजारासाठीच्या आंतररुग्ण उपचारांबाबत

महोदय,

घरातला तरुण आठ-आठ रात्री झोपत नाही. जेवणात विष कालवलंय म्हणून ताट भिरकावतो, आणि अखेर त्याला भरती करावं लागतं. त्या क्षणी घरच्यांपुढे दोन प्रश्न असतात: नेमकं कुठं न्यायचं, आणि पैसे कुठून आणायचे? मराठी स्वमदत गटांनी रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ अशी मायेची नावं दिली आहेत. राज्यातले असे शुभार्थी आणि शुभंकर हे निवेदन शासनासमोर ठेवत आहेत.

त्यांचं मुख्य म्हणणं उपचारांच्या मुदतीबद्दल आहे. विम्याचं पॅकेज शस्त्रक्रियेच्या मापाने बेतलेलं असतं. अपेंडिक्स काढलं, टाके सुकले, रुग्ण घरी गेला, हिशेब मिटला. स्किझोफ्रेनियात औषधाचा पुरता गुण दिसायलाच काही आठवडे जातात, आणि एक औषध लागू पडलं नाही तर दुसरं सुरू करून पुन्हा वाट पाहावी लागते. कायद्याने हे ओळखलं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 89 प्रमाणे इतरांच्या आधाराने केलेली भरती 30 दिवसांपर्यंत चालू शकते. म्हणून प्रतिदिन दराने, मनोविकारतज्ज्ञ सांगतील तितके दिवस खर्च मिळावा, ही निवेदनकर्त्यांची पहिली मागणी आहे. विजेच्या उपचारांना (ईसीटी) याच कायद्याने भूल सक्तीची केली. तेव्हा भूलतज्ज्ञाचा खर्चही त्या दरात धरायला हवा.

समान वागणुकीचा आधार कलम 21 मध्ये आहे: शारीरिक आजाराला ज्या पायावर विमा, त्याच पायावर मानसिक आजाराला. कायदा 29 मे 2018 रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसे निर्देश दिले. तरीही विम्याचा दावा मिळवण्यासाठी एका महिलेला दिल्ली उच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. 2021 मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. भामरागडच्या किंवा धडगावच्या शेतमजुराने असा खटला लढावा, अशी अपेक्षा कुणी करू नये.

अंतराचा प्रश्न तितकाच जाचक आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. जिल्ह्यात किमान शासकीय सेवा नसेल तर रुग्णाने तिथल्याच अन्य सेवेत उपचार घ्यावेत आणि खर्च शासनाने उचलावा, असं कलम 18 सांगतं. ही तरतूद योजनेच्या नियमांत लेखी उतरवावी आणि जिल्ह्यातली खासगी मनोरुग्णालये व मनोविकार कक्ष असलेली सर्वसाधारण रुग्णालये अंगीकृत करावीत.

आत्महत्येच्या प्रयत्नानंतरची भरती कुठल्याही सबबीवर नाकारली जाऊ नये, ही मागणी विशेष कळकळीची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये महाराष्ट्रात 22,746 जणांनी आत्महत्या केली. देशात सर्वाधिक. प्रयत्नातून वाचलेल्याला उपचार आणि पुनर्वसन देणं हे कलम 115 ने शासनाचं कर्तव्य ठरवलं आहे. विष पोटातून काढण्याचा खर्च योजनेने द्यायचा आणि त्याच माणसाच्या नैराश्यावरच्या उपचारांसाठी घरच्यांनी शेळ्या विकायच्या, हे निवेदनकर्त्यांना मान्य नाही.

घरी सोडल्यानंतरच्या औषधांचंही तसंच. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ती 15 दिवसांपुरती मिळतात. गोळ्या मध्येच तुटल्या की आजार उलटतो आणि रुग्ण पुन्हा त्याच खाटेवर येतो. किमान 6 महिन्यांची औषधं आणि तपासण्या भरतीच्याच दाव्यात धराव्यात.

मानसिक आजारासाठी किती दावे आले, किती नामंजूर झाले आणि का, हे जिल्हावार दर तिमाहीला प्रसिद्ध व्हावं. योजनेचे अधिकारी, मनोविकारतज्ज्ञ आणि शुभंकर यांची एकत्र बैठक आपण 30 दिवसांत बोलवावी. शुभंकरांना गावाकडून यायचं असल्याने तारीख किमान 8 दिवस आधी कळवावी, ही विनंती.

आपले,
राज्यातील शुभार्थी आणि शुभंकर