सात तारीख आणि आमची उधारी

शिरूर अनंतपाळला माझं किराणा दुकान आहे. कोणत्या कार्यालयातल्या कंत्राटी माणसांचा पगार थकला, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. उधारीच्या वहीत ते दिसतं. गोडेतेल लिटरवरून पावशेरावर येतं, शेंगदाणे बंद होतात, चहापत्ती पाच रुपयांच्या पुडीवर येते. साबण तेवढा सुटत नाही. दिवसभर झाडलोट करून घरी जाणाऱ्या बाईला तो लागतोच.

अशाच एक मावशी तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयात एजन्सीमार्फत सफाईला आहेत. तिसरा महिना कोरडा गेला तेव्हा म्हणाल्या, "सायबाला विचारलं तर एजन्सीला विचारा म्हणतेत. एजन्सीवाला म्हणतोय, बिलच निघालं नाही. लिहून ठेवा भाऊ, पगार झाली की देते." एजन्सी म्हणून त्यांच्याकडं आहे तो एका सुपरवायझरचा मोबाईल नंबर. कामगार कार्यालयात तक्रार द्यायला लातूरला जायचं तर एसटीचं भाडं आणि वर एका दिवसाचा खाडा. शिवाय तक्रारीनंतर हजेरीवर नाव राहील का, ही धास्ती.

'बिल निघालं नाही' हे कारण कायद्याला मान्यच नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा. ठेकेदारानं तो दिला नाही, तर ज्याच्या आस्थापनेत माणूस राबतो त्यानं द्यायचा. हे नवीनही नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याचं कलम 21 हेच सांगत होतं: मूळ मालकानं पगार करावा आणि ठेकेदाराकडून वसूल करावा. साहेबांना हात वर करायची मुभा तेव्हाही नव्हती.

बिल उशिरा निघतं, हे ठेका घेताना एजन्सीला ठाऊक असतं. तो भार पेलायची ऐपत असेल त्यानंच ठेका घ्यावा. प्रत्यक्षात तो मावशींवर पडतो आणि त्यांच्यामागं माझ्यासारख्या दुकानदारावर. होलसेलवाला मला बिल निघेपर्यंत थांबत नाही.

आणि पैसे आले की पगार होतो, हेही खरं नाही. ग्रामपंचायतींच्या संगणक परिचालकांचं उदाहरण बघा. 2016 नंतर 'आपले सरकार सेवा केंद्रा'साठी ग्रामपंचायत महिन्याला 12,331 रुपये मोजायची. परिचालकाचं मानधन होतं सहा हजार. बाकी रक्कम साहित्य, आज्ञावली, देखभाल यांच्या नावावर. गावाचा पैसा गेलेला असायचा, आणि गावातलं पोरगं मात्र थकीत मानधनासाठी मुंबईला आझाद मैदानावर बसायचं.

6 सप्टेंबर 2023 ला नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. तरुण रस्त्यावर उतरले, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. आरक्षणाचा, कायम नोकरीचा प्रश्न त्यांनी लावून धरला, ते योग्यच होतं. पण आधीपासून एजन्सीकडं राबणाऱ्यांच्या पगाराची तारीख त्या गदारोळात मागंच राहिली.

म्हणून मागणी अशी. कार्यालयप्रमुखानं दर 7 तारखेला कंत्राटी माणसांच्या खात्यात पगार पडल्याचा बँकेचा तक्ता मागवावा. पडला नसेल तर स्वतः पगार करावा आणि ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यावा. पीएफचं चलनही बघावं. मावशींच्या पगारातून पीएफ कापतात, पण खात्यावर किती जमा झाला, हे त्यांना आजवर कुणी दाखवलेलं नाही. निधीच वरून आला नसेल, तर कार्यालयप्रमुखानं तसं लेखी द्यावं, सही-शिक्क्यानिशी, म्हणजे दाद कुठं मागायची ते तरी कळेल. आणि जिल्हाधिकाऱ्यांनी लातूर जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यालयाकडून दोनच गोष्टी मागवून फलकावर लावाव्यात: कंत्राटी माणसं किती, आणि त्यांचा शेवटचा पगार कोणत्या तारखेला झाला.