'आणि संच' म्हणजे नेमके कोण?

एप्रिल महिना उजाडला की वर्धा जिल्ह्यात चौकाचौकांत निळे फलक लागतात. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, सेलू, कुठेही जा, फलकाची मांडणी ठरलेली. वर तथागत आणि बाबासाहेब. एका बाजूला निमंत्रक. खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष आणि सल्लागार असे वीस-बावीस चेहरे, बहुतेक कोटात. मधोमध भीमगीतांच्या गायकाचा मोठा फोटो आणि ठळक अक्षरांत त्याचे नाव. त्या नावापुढे बारीक अक्षरांत दोन शब्द असतात, 'आणि संच'. गेली वीस वर्षे माझा मुक्काम त्या दोन शब्दांत आहे.

वकिली हा माझा पोटाचा धंदा. बेस गिटार ही हौस. दिवसा कोर्ट, आणि जयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आगेमागे रात्री कुणाच्या ना कुणाच्या पार्टीत साथीला. मी हौशी आहे, मला बिदागी मिळाली नाही तरी घरची चूल पेटते. पण माझ्या शेजारी बसणारा ढोलकीवाला, ऑक्टोपॅडवाला, कॅसिओवाला यांचे तसे नाही. प्रश्न त्यांचा आहे आणि तो आपल्या चळवळीला विचारायचा आहे.

बेस गिटार म्हणजे काय, हे आपल्याकडे अजून समजावून सांगावे लागते. साध्या गिटारला सहा तारा, याला चार. तारा जाड, दांडी लांब आणि सूर एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. १९५१ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाच्या, रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यातून आलेल्या माणसाने हे वाद्य बाजारात आणून रूढ केले. त्याआधी हे काम माणसाएवढा उंच डबल बेस करीत असे. गाण्यात याचे काम एवढेच की ढोलकीचा ठेका आणि पेटीचा सूर यांची गाठ मारायची. गाणे गायकाचे असते, टाळी कोरसला मिळते, पण लोकांचे पाय ज्याच्यावर हलतात तो हा खालचा सूर.

आणि हाच सूर आपल्या गावात ऐकू येत नाही! याला शुद्ध भौतिक कारण आहे. खेड्यातल्या कार्यक्रमाला वर्षानुवर्षे आवाज असतो तो भोंग्याचा. झाडाला किंवा विजेच्या खांबाला बांधलेला पत्र्याचा कर्णा. तो भाषणासाठी उत्तम. दोन किलोमीटरवरच्या वावरातल्या माणसालाही शब्द कळतो. पण सेकंदाला तीनशे-चारशे कंपनांच्या खालचा आवाज भोंगा जवळजवळ टाकूनच देतो, आणि बेसचे मूळ सूर सगळे त्याच्या खाली. म्हणजे मी तीन तास बोटे झिजवायची आणि गावाने ऐकायची ती फक्त तारेची टकटक. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारे बाबा कार्यक्रमानंतर मंचाजवळ आले आणि काळजीने म्हणाले, ''वकीलसाहेब, तुमचा गिटार बिघडला काजी? आयकूच येत नाही ना!''

सामानाची कथा त्याहून मोठी. नागपूरला एलएलबी करताना मी एका चर्चमध्ये वाजवणाऱ्या गृहस्थाकडून २८०० रुपयांना जुना बेस घेतला, कोलकात्याचा, देशी बनावटीचा. जाड तारांचा संच तेव्हा वर्ध्यात मिळत नसे, त्यासाठी पॅसेंजरने नागपूर गाठावे लागे. तारा महाग म्हणून जुन्या तारा काढून पातेल्यात उकळायच्या, घामाचा मळ निघाला की त्या काही आठवडे पुन्हा बोलू लागतात. (जगातला एक थोर बेसवादक जेम्स जेमरसन तारा तुटेपर्यंत बदलतच नसे. मळातच मजा आहे असे त्याचे मत. त्याच्याकडे पुन्हा येऊ.) वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो आणि आपला हंगाम नेमका एप्रिल-मेचा. गाडीच्या टपावर दिवसभर तापलेल्या बेसची दांडी वाकते, तारा दांडीपासून बोटभर वर उचलल्या जातात, आणि संध्याकाळी सात वाजता मंचावर बसून पेचकसाने ती सरळ करायची. विजेचे काय सांगावे? २००५ नंतरची काही वर्षे विदर्भातल्या खेड्यांत भारनियमन असे होते की कार्यक्रमाची वेळ वीज मंडळ ठरवी. मग जनरेटर. जनरेटरला अर्थिंग नाही, अ‍ॅम्प्लिफायर एका लायनीवर, माइक दुसऱ्या लायनीवर. बेसच्या तारेला हात आणि माइकला ओठ लागला की जो झटका बसतो, तो कोरस गाणाऱ्या प्रत्येक गिटारवाल्याने खाल्लेला असतो. आमच्या पार्टीत माइकवर फडके गुंडाळायचे ते शोभेसाठी नव्हे.

कॉलेजात असताना मी काही दिवस नागपूरच्या एका इंग्रजी गाण्यांच्या बँडमध्येही वाजवले. पोरे चांगल्या घरची, वाद्ये परदेशी, सराव एकाच्या बंगल्याच्या गच्चीवर. दोघांच्या अंगात बॉब मार्लीचे चित्र असलेले बनियन. गुलामगिरीविरुद्ध गाणाऱ्या जमैकाच्या काळ्या माणसावर त्यांचे मनापासून प्रेम होते. एकदा मी म्हटले, आपल्याकडे वामनदादा कर्डक आहेत, त्यांची एखादी चाल याच ठेक्यावर बसवून पाहू. हसले. ''ते जयंतीचं गाणं?'' एकाने विचारले. पुढच्या रविवारी सराव कुठे आहे हे मला कुणी कळवले नाही. जमैकाची गुलामी त्यांना दिसत होती, गच्चीवरून दिसणारी वस्ती दिसत नव्हती. पुढे २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' मंचावर आला आणि गाना, रॅप, बेस गिटार एकत्र घेऊन त्यांनी थेट जातीवर गाणी म्हटली, तेव्हा मला त्या गच्चीची आठवण झाली.

पण परक्यांनी काय केले हा आजचा विषय नाही. आपण काय करतो?

वर जेमरसनचे नाव आले. १९६० च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात मोटाउन ही कंपनी होती. मालक काळा, गायक काळे, बहुतेक वादक काळे. त्यांच्या गाण्यांनी गोऱ्यांचा बाजार जिंकला. त्यातल्या शेकडो गाण्यांचा बेस जेमरसनचा. आणि कित्येक वर्षे एकाही तबकडीच्या वेष्टनावर त्याचे नाव नाही. मार्विन गे याच्या १९७१ सालच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर कंपनीने प्रथमच वादकांची नावे छापली. १९८३ साली जेमरसन गेला. नाव दडपण्यासाठी दरवेळी शत्रूच लागतो असे नाही, आपल्या माणसांनाही ते जमते.

दुसरे उदाहरण बॉब मार्लीच्याच बेसवादकाचे. अ‍ॅस्टन बॅरेट, टोपणनाव 'फॅमिली मॅन'. ज्या ठेक्यावर जग डोलले त्याचा पाया याने रचलेला. मार्ली गेल्यानंतर गाण्यांच्या उत्पन्नात वाटा मागत तो लंडनच्या उच्च न्यायालयात गेला. दावा सुमारे सहा कोटी पौंडांचा. मे २००६ मध्ये न्यायमूर्ती लुईसन यांनी तो फेटाळला. मुख्य कारण असे की १९९४ मध्ये एका तडजोडीच्या कागदावर बॅरेटने सही केली होती आणि त्या सहीने हक्क सुटले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत तो वारला. वकील म्हणून मला या निकालातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते. वादकाचा हक्क मंचावर बुडत नाही, तो कागदावर बुडतो. आणि आपल्याकडे तर कागदच नसतो.

आपला कायदा वादकाच्या बाजूने आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने 'परफॉर्मर' म्हणजे प्रयोग सादर करणारा कलावंत याची व्याख्या आली. त्यात नट, गायक यांच्याबरोबर वादक आहे, नर्तक आहे, डोंबारी आणि गारुडीसुद्धा आहे. १९९९ मध्ये या हक्काची मुदत ५० वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८-अ आणि ३८-ब आले. ३८-अ प्रमाणे कलावंताच्या संमतीवाचून त्याच्या जिवंत कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करता येत नाही, आणि त्याच्या कलेचा व्यापारी वापर झाला तर स्वामित्वधनातही त्याचा वाटा आहे. ३८-ब म्हणते की आपल्या प्रयोगाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा त्याला हक्क आहे. नावाचा हक्क! मात्र त्याच कायद्यात एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे काम आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला या हक्कांपुरते जवळजवळ कलावंतच धरत नाहीत. म्हणजे नाव न छापण्याचा रिवाज हा साधा रिवाज राहत नाही, उद्या तोच पुरावा म्हणून उभा राहतो.

आता आपल्या कॅसेटी आठवा. १९८०-९० च्या काळात वस्तीवस्तीत वाजलेल्या भीमगीतांच्या कॅसेटी. वेष्टनावर गायकाचे नाव, कवीचे नाव (तेही कधी कधी गाळलेले), कंपनीचे नाव. वामनदादांची साथ कुणी केली? प्रल्हाद शिंदे यांच्या मागे ढोलकी कुणाची? विठ्ठल उमप यांच्या बरोबर कोण बसे? त्यांच्या घरच्यांना आणि जवळच्यांना ठाऊक असेल, पण ज्या लाखो लोकांनी ती गाणी पाठ केली त्यांना विचारा. आज तीच गाणी मोबाइलवर फुकट फिरतात, जाहिरातींचे पैसे कुणाच्या तरी खात्यात पडतात. कुणाच्या, हे वाजवणाऱ्याला माहीत नाही.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळते. ''वकीलसाहेब, हे चळवळीचे काम आहे. चळवळीच्या कामाचे पैसे कसले?'' हे उत्तर देणारे कार्यकर्ते प्रामाणिक असतात, म्हणूनच त्याचा समाचार घ्यायला हवा. चळवळीच्या त्याच कार्यक्रमात मंडपवाल्याला विसार आधी दिला जातो. जनरेटरवाला डिझेलचे पैसे रोख घेतल्याशिवाय दोरी ओढत नाही. डीजेवाल्याची सुपारी तर फेब्रुवारीतच दिलेली असते, अठरा इंची खोक्यांची भिंत ट्रकवर चढते, आणि ज्या बेसचा आवाज भोंग्यातून कधी आला नाही तो आता भिंतीला तडे जातील इतका येतो. फक्त वाजवणारा माणूस त्यात नाही. रात्री दहाचा नियम, वस्तीतली म्हातारी-आजारी माणसे, परीक्षेची पोरे हा वेगळा लेख होईल. मुद्दा एवढा की मंडप, दिवे, डिझेल, डीजे यांना त्यागाची शिकवण कुणी देत नाही. ती राखून ठेवली आहे ढोलकीवाल्यासाठी, जो दिवसा रोजाने जातो.

आणि फुकट वाजवणे आपल्याला नवीन आहे का? डफडे वाजवणे हे गावाने आपल्या माणसांवर, मातंग बांधवांवर लादलेले काम होते. पाटलाच्या घरचे लग्न असो की देवाची मिरवणूक, बोलावले की जायचे, दारात उभे राहून वाजवायचे, उरलेसुरले घेऊन यायचे. नाही म्हणण्याची सोय नव्हती. ते नाही म्हणायला बाबासाहेबांनी शिकवले. कित्येकांनी वाद्ये फेकून दिली, ती कला वाईट होती म्हणून नव्हे, तिच्यात माणूस बेनाव आणि बेमोल होता म्हणून. मी कुणा मंडळावर घटनेचे कलम २३ लावायला निघालेलो नाही. पण व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना ज्यांनी कारखान्यातील आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारे विधेयक १९४६ मध्ये मांडले, त्यांच्या जयंतीच्या मंचावर सात ते बारा वाजवणाऱ्या माणसाला 'जेवण करून जा' एवढ्यावर बोळवण मिळावी, हे त्यांच्या नावाला शोभते का?

गायकांचाही यात दोष आहे, हे स्पष्ट लिहितो. एकूण बिदागी गायकाच्या हाती येते आणि वाटप गाडीत होते, अंधारात. गायक आजारी पडला तर कार्यक्रम रद्द होतो, ढोलकीवाला आजारी पडला तर दुसरा बोलावला जातो. तरीही, ज्या गायकाने एकदा बेसचा फ्यूज उडाल्यावर मध्येच मागे वळून माझ्याकडे पाहिले होते, त्याला माहीत आहे की खालचा सूर गेला की वरचा गळा कसा उघडा पडतो.

मी एका पानाचा करारनामा तयार केला आहे. मराठीत, साधा. कार्यक्रमाची तारीख, प्रत्येक वादकाचे नाव आणि वाद्य, प्रत्येकाचे मानधन वेगवेगळे लिहिलेले, चौथा हिस्सा आगाऊ, जेवण व परतीची गाडी, अर्थिंगची जबाबदारी कुणाची, आणि ध्वनिमुद्रण करायचे असेल तर सर्वांची लेखी संमती. खाली एक ओळ, फलकावर व जाहिरातीत सर्वांची नावे छापली जातील. गेल्या वर्षी देवळी तालुक्यातल्या एका मंडळाने यावर सही केली. फलकावर सहा नावे आली. जागा करण्यासाठी पदाधिकाऱ्यांचे फोटो लहान करावे लागले आणि त्यावरून छापखान्यात अर्धा तास भांडण झाले. कोषाध्यक्ष अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. ढोलकीवाल्याने मात्र आपल्या नावापुढे गावाचेही नाव टाकायला लावले, आणि कार्यक्रम संपल्यावर तो फलक उतरवून, गुंडाळी करून मोटारसायकलवर घरी नेला.

जयंतीच्या बैठका फेब्रुवारीत सुरू होतात आणि फलकाचा मजकूर दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत ठरतो. तेव्हा हा विषय कुणीतरी मांडावा. करारनाम्याची प्रत ज्या मंडळाला हवी त्याला मी देईन, फी न घेता.