जंगल जमिनीखाली असतं

मंडळी, मे महिन्यात भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलात, की रावेरच्या केळीबागा मागे पडतात, बऱ्हाणपूर जातं आणि नेपानगरच्या बाजूला सातपुड्याच्या टेकड्या दिसू लागतात. राखाडी, उघड्या, झाडांवर पान नाही. बाहेरगावचे पाहुणे हमखास म्हणतात, "इथलं जंगल संपलंच की हो!" या वेळी त्या 'संपलेल्या' जंगलाबद्दलच बोलू या.

हे पानझडीचं कोरडं जंगल. वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने त्यावर काढायचे असतात. झाडातलं पाणी मुख्यतः पानांवाटे उडून जातं, म्हणून साग, सालई, धावडा सरळ पानंच टाकून देतात. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर लॅपटॉप बंद पडलेला नसतो, स्लीप मोडवर असतो. सालई आणि पळस अंगावर पान नसतानाच फुलतात. कुसुमाला तर पाऊस दोन महिने लांब असताना, भर उन्हात लाल पालवी फुटते. त्यासाठी लागणारं पाणी खोडात साठवलेलं असतं, नाहीतर मुळांनी खोलवरून ओढलेलं.

खरी गंमत रोपांची आहे. सालईचं किंवा सागाचं कोवळं रोप पावसाळ्यात वीतभर वाढतं आणि उन्हाळ्यात वाळून जातं. आपल्याला वाटतं मेलं. पण खाली मूळ जिवंत असतं आणि दरवर्षी थोडं जाड होत जातं. अशी काही वर्षं गेली, मुळात पुरेसा साठा झाला, की एका पावसाळ्यात कोंब जोरात वर निघतो आणि मग मागे वळून पाहत नाही. म्हणजे या जंगलाची बचत बँकेत, आणि बँक जमिनीखाली!

आता आपल्या नेपानगरकडे वळू. 'न्यूजप्रिंट' आणि 'पेपर' या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून 'नेपा' हे नाव आलं, हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ठाऊक असेलच. १९५५ साली इथे वर्तमानपत्राचा कागद तयार होऊ लागला आणि १९८१ पर्यंत देशात असा कागद करणारा हा एकमेव कारखाना होता. कागद कशाचा? सालईच्या मऊ लाकडाचा आणि बांबूचा. खडकाळ, उभ्या उतारावर, जिथे दुसरं झाड तग धरायला कुरकुरतं तिथे सालई उभी राहते. तिच्या डिंकाचा धूप देवापुढे जळतो, आयुर्वेदात तीच शल्लकी. आपल्या आजोबांनी चहाबरोबर वाचलेल्या पेपरात या टेकड्यांचा अंश असणार. आता कारखाना रद्दीपासून कागद करतो. त्या काळी तोड भरपूर झाली. तरीही खालची जमीन जंगलाचीच राहिली.

आज प्रश्न वेगळा आहे. तोडलेल्या सागाच्या बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. पण झाडं तोडून नांगर फिरवला, की मुळांची ती सगळी बचत एका हंगामात संपते. नेपानगर भागात घाघरल्याच्या बाजूला २०२२-२३ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. एप्रिल २०२३ मध्ये तर आरोपींना सोडवण्यासाठी जमावाने नेपानगर पोलीस ठाण्यावर हल्ला केला. यात 'आदिवासी विरुद्ध जंगल' असं सोपं चित्र काढू नका. वनहक्क कायद्याने आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या कब्ज्यावर हक्क दिला आहे, नव्या तोडीवर नाही. आणि त्याच काळात 'ही तोड थांबवा' म्हणून बऱ्हाणपुरात धरणं धरणारेही इथले आदिवासीच होते, जागृत आदिवासी दलित संघटनचे.

शहरात राहणाऱ्या आपला यात काय संबंध? पाण्याचा. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. त्यात येणारं पाणी म्हणजे सातपुड्याच्या उतारांवर पडून जमिनीत झिरपलेला पाऊस. उतारावर पालापाचोळा आणि मुळं असली, तर पाणी थांबतं, मुरतं. नाहीतर माती घेऊन थेट तापीत जातं. वर जंगल नांगरलं गेलं, तर खाली कुंड्या नुसत्या दाखवायला उरतील.

दर पावसाळ्यात आपण मंडळातर्फे, शाळांतर्फे वृक्षारोपण करतो, फोटो काढतो. चांगलंच आहे. पण जिथे जुनी मुळं शाबूत आहेत, तिथे खड्डे खणण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे: तो तुकडा काही वर्षं आग आणि गुरं यांपासून राखायचा. इथल्या बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात, कधी मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा पेटवतात, कधी नुसती विडी. अशा ठिकाणी फायर लाइन साफ करायला गावकऱ्यांना मदत केली, तरी रोपं आपोआप वर येतील. ती आधीपासून तिथेच आहेत.

पुढच्या अंकात याच सागाच्या रानात राहणाऱ्या, शंभराहून अधिक वर्षं 'नामशेष' समजल्या गेलेल्या आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेल्या रानपिंगळ्याची गोष्ट.