ऑनलाइन गेम खेळून धंदा शिकता येतो का? माझं स्पष्ट मत



"सर, ईव्ह ऑनलाइन खेळलं तर व्यापार शिकता येतो म्हणतात. खरं आहे का?" बॅचमधली तरुण पोरं अधूनमधून विचारतात. उत्तर आधीच देऊन टाकतो. धंदा अजून सुरू केला नसेल, तर फुकटचं खातं उघडा आणि एक महिना, रोज एक तास खेळून बघा. दुकान आधीच चालू असेल तर मात्र नको. तुमच्या बिलबुकात याहून जास्त शिकण्यासारखं पडलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईव्ह ऑनलाइन हा आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा अंतराळातला खेळ, २००३ पासून चालू आहे. कॉम्प्युटर लागतो. २०१६ पासून फुकट खेळता येतो, फक्त काही कौशल्यांवर मर्यादा असते. यातली बहुतेक जहाजं, दारूगोळा, सुटे भाग खेळाडूच बनवतात आणि खेळाडूच विकत घेतात. कुणीतरी खाणीतून खनिज काढतो, कुणी कारखाना चालवतो, कुणी माल वाहतो. दर मागणी-पुरवठ्यावर ठरतात. हा बाजार इतका मोठा झाला की २००७ मध्ये कंपनीने चक्क एक अर्थतज्ज्ञ नोकरीला ठेवला. लोक गमतीने याला अंतराळातलं एक्सेल म्हणतात, आणि ते काही खोटं नाही!

आता यातला सगळ्यात मोठा धडा. नवा खेळाडू काय करतो? स्वतः खनिज काढतो, त्याचं जहाज बनवतो आणि विकतो. समजा जहाज ९ लाखाला गेलं (खेळातलं चलन, इस्क). हा खूश! "खनिज तर मीच काढलं, फुकटचं होतं, ९ लाख नफा." पण तेच खनिज तसंच बाजारात विकलं असतं तर १० लाख आले असते. म्हणजे जहाज बनवून, वर मेहनत करून, त्याने १ लाख घालवले. "मी काढलेलं खनिज फुकट" ही चूक त्या खेळात इतकी कॉमन आहे की जुने खेळाडू त्यावर विनोद करतात.

हसू नका. आपल्याकडे घरगुती चकली विकणाऱ्या ताई हेच करतात. समजा एक किलोला सामान १८० रुपयांचं आणि विक्री ३२० ला. "१४० सुटले!" अहो, पण गॅस? पॅकिंग? आणि तुमचे दोन-अडीच तास? ते घरचे म्हणून शून्य धरायचे का? उद्या ऑर्डर वाढली आणि मदतीला बाई ठेवावी लागली की कळतं, १४० मध्ये तिचाच पगार निघत नाही. मग दर वाढवायला जावं तर गिऱ्हाईक म्हणतं, "काल तर ३२० ला देत होतात." बीबीएला आम्ही याला अपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणायचो. पेपरात व्याख्या लिहून मार्क मिळतात, पण अंगात मुरत नाही. खेळात चार वेळा चुकलात की मुरतं, आणि खिशातला एक रुपया जात नाही.

दुसरं, माल कुठे विकायचा. खेळात जिता नावाचं एक ठिकाण आहे. विकणारे तिथे जमले म्हणून घेणारे आले, घेणारे आले म्हणून आणखी विकणारे. आपलं मस्जिद बंदर समजा. तिथे माल पटकन जातो, पण स्पर्धेमुळे मार्जिन पातळ. लांबच्या ठिकाणी तीच वस्तू महाग विकते, पण आठवडा-आठवडा पडून राहते. त्यात ब्रोकर फी आणि विक्रीकर वेगळा. तालुक्याच्या गावात दुकान टाकू की शहरात, हा हिशोब इथे रोज करावा लागतो.

आणि वाटेत लूट होते! सुरक्षित म्हटलेल्या भागातसुद्धा. तुमच्या जहाजात इतका माल असेल की लुटणाऱ्याची स्वतःची जहाजं गेली तरी परवडेल, तर तो हल्ला करतो. पोलीस नंतर त्याला उडवतात, पण तुमचा माल गेलेलाच असतो. जहाजाचा विमा मिळतो, मालाचा नाही. सगळं भांडवल एका खेपेत घालणाऱ्यांनी हे एकदा तरी अनुभवावं.

पण हा खेळ उधारी शिकवत नाही, आणि माझ्या मते हीच मोठी खोट आहे. तिथे बाजारात पैसे रोख, लगेच. आमच्या दुकानात अर्धं डोकं त्यातच जातं. होलसेलवाला १५ दिवस थांबतो, गिऱ्हाईक "पगार झाला की देतो" म्हणतं, आणि मधले दिवस तुम्ही कसे काढता यावर दुकान टिकतं. शेजारच्या काकूंना नाही कसं म्हणायचं, हे कुठलाही गेम सांगणार नाही. भाडं, लाइट बिल, सणासुदीची गर्दी, काहीच नाही.

पैशाचं एक ऐका. प्लेक्स नावाची वस्तू खऱ्या पैशाने घेऊन खेळातलं चलन मिळवता येतं. ते करायचं नाही, मग शिकणंच संपलं. उलट बाजूने, खेळातलं चलन रुपयात विकून कमाई करा असं कुणी सांगितलं तर लांब राहा. कंपनीच्या नियमात ते बसत नाही, खातं बंद होऊ शकतं.

मला खरी भीती वेगळीच आहे. "सर, अजून शिकतोय" म्हणत दोन-दोन वर्षं काढणारे मी बघितलेत. आधी व्हिडिओ, मग कोर्स, आता गेम. म्हणून महिना म्हणजे महिनाच. सुरू करायच्या आधी कॅलेंडरवर शेवटच्या तारखेला गोल करा आणि घरच्यांना दाखवून ठेवा, ते बरोबर आठवण करतील.

रोज वहीत चार आकडे लिहा: काय घेतलं, कितीला, किती तास गेले, काय सुटलं. लढाया करायला मजा येते, मी नाही म्हणत नाही, पण तो वेळ वेगळ्या रकान्यात. वही भरली की पुढच्या लाइव्हला घेऊन या. दोन-तीन जणांचे हिशोब आपण सगळ्यांसमोर सोडवू.