भीती विकणाऱ्यांची बाटली

पन्नाशी उलटलेल्या पुरुषाला कर्करोगाची भीती घालायची आणि लगेच 'प्रोस्टेट सांभाळणाऱ्या' गोळ्यांची बाटली त्याच्या हाती ठेवायची, या धंद्याची मला मनस्वी चीड आहे. कारण या गोळ्यांतल्या ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांचा निकाल कधीच लागला आहे आणि तो विक्रेत्यांच्या विरोधात आहे.

आशा वाटायला आधार होता. १९९४ साली फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग कमी प्रमाणात झालेला दिसला. १९९६ साली अमेरिकेत सेलेनियमबाबतही तसेच आढळले. पण पहिली चाचणी मुळात फुप्फुसाच्या कर्करोगासाठी होती, दुसरी त्वचेच्या. म्हणून नेमका हाच प्रश्न घेऊन २००१ मध्ये 'सिलेक्ट' चाचणी सुरू झाली. तिच्यात ३५ हजारांहून अधिक पुरुष होते. फायद्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या.

२०११ मध्ये त्याहून वाईट बातमी आली. रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त निघाला. सात वर्षांत नुसती नकली गोळी घेणाऱ्या हजार पुरुषांत ६५ जणांना तो झाला, ई जीवनसत्त्व घेणाऱ्या हजारांत ७६ जणांना. पुढे २०१४ मध्ये कळले की शरीरात आधीच भरपूर सेलेनियम असलेल्यांनी ते वरून घेतले, तर आक्रमक कर्करोगाचा धोका जवळपास दुप्पट होतो.

'जीवनसत्त्वच आहे, अपाय काय होणार?' असे म्हणणाऱ्यांना मी हजारातले ते जादा ११ रुग्ण दाखवीन. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्यानुसार अशा गोळ्या बाजारात आणण्याआधी त्यांचा गुण सिद्ध करावा लागत नाही. आपल्याकडेही त्या अन्नाच्या कायद्याखाली विकल्या जातात. ही पळवाट बंद झाली पाहिजे.

आहारावरही भलते दावे नकोत. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांनी दोन वर्षे भाज्या वाढवून खाल्ल्या, तरी आजाराची वाढ रोखली गेली नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसले. भाज्या जरूर खा, हृदयासाठी आणि वजनासाठी. पण त्यांना औषध म्हणू नका.

घरात वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांशी पीएसए या रक्ततपासणीबद्दल बोला. बाटलीचे पैसे वाचवा. ती तुमचे रक्षण करत नाही.