आधी तारण, मग हारतुरे

१९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमधील कांस्यपदक घेऊन खाशाबा जाधव कऱ्हाडला परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताला शंभराहून अधिक बैलगाड्या सजल्या होत्या. ढोल-लेझीमच्या गजरात गोळेश्वरच्या या सुपुत्राची मिरवणूक निघाली. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते आणि दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले. सातारा जिल्ह्याने त्या मिरवणुकीचा अभिमान आजवर जपला आहे, आणि तो जपलाही पाहिजे.

परंतु त्या मिरवणुकीआधी घडलेला एक प्रसंग अभिमानाने सांगितला जातो आणि तितक्याच सहजतेने विसरलाही जातो. हेलसिंकीला जायचे तर पैसे हवे होते. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, तरी ती पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक मिळेल याची हमी कोणीही दिलेली नव्हती. चार वर्षांपूर्वी लंडनमध्ये खाशाबा सहावे आले होते, एवढेच काय ते भांडवल! पुढे कुस्त्यांची मैदाने घेऊन खाशाबांनी ते ऋण फेडले. मिरवणुकीत सारा तालुका होता. तारण ठेवताना मात्र एक शिक्षक होता.

आजच्या समाजाचे खरे दुखणे येथे आहे. हारतुरे घेऊन उभे राहायला आपल्याकडे माणसांची कधीच वाण पडत नाही. वाण आहे ती तारण ठेवणाऱ्यांची.

सातारा-सांगलीत व्याख्यानमालांची परंपरा मोठी आहे. ‘मोठी स्वप्ने पाहा’ असे सांगणाऱ्या वक्त्याच्या भाषणाला सभागृह तुडुंब भरते, पालक मुलांना मुद्दाम सोबत आणतात, टाळ्यांचा कडकडाट होतो. त्याच रात्री घरी परतल्यावर मुलाने बिचकत सांगावे की, त्याला नोकरीच्या मागे न लागता स्वतःचा छोटा कारखाना काढायचा आहे, शास्त्रीय संगीतात आयुष्य घालवायचे आहे किंवा शेतीतच काही नवे करायचे आहे. की लगेच त्याच पालकांचा सूर बदलतो. ‘आधी नोकरी बघ, मग छंद.’ ‘आपल्या घराण्यात कोणी धंदा केला आहे का?’ ‘लोक काय म्हणतील?’ आणि सर्वांत शेवटी ते ब्रह्मास्त्र: ‘आमचे वय झाले आता!’ तासाभरापूर्वी टाळ्या वाजवणारे हात एका वाक्याने स्वप्नाचा गळा आवळतात, आणि त्याला आपण व्यवहारज्ञान म्हणतो.

दासनवमीला सज्जनगडाची वाट चढणारी कितीतरी कुटुंबे या दोन जिल्ह्यांत आहेत. ज्या समर्थांनी आयुष्यभर प्रयत्नवादाचा पुरस्कार केला, त्यांच्या समाधीपुढे मस्तक टेकवायचे आणि गड उतरताच मुलाला ‘धोका पत्करू नकोस’ असा उपदेश करायचा, या विसंगतीची लाज आपल्याला कधी वाटणार?

धोका पत्करणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला फार दूर जायला नको. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर शिक्षक होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकार होण्याचे त्यांचे पहिले स्वप्न अर्ध्यावर मोडले होते. ते रडत बसले नाहीत; यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीला रामराम ठोकला आणि ते बेळगावला सायकलींच्या दुकानात आले. तेथे कडबा कापण्याचे यंत्र आणि पाठोपाठ लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितले. एवढे पुरेसे नव्हते काय? आजच्या एखाद्या सुजाण नातेवाइकाने तेव्हा त्यांना काय सल्ला दिला असता, हे सांगायची गरज नाही.

पण लक्ष्मणरावांना नातेवाइकाच्या सल्ल्याऐवजी एका राजाचा विश्वास लाभला. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचे ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांना दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. तीच आजची किर्लोस्करवाडी. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. सातारच्या मातीतून विश्वास आला आणि सांगलीच्या माळावर कर्तृत्व फुलले. ज्या संस्थानिकाची तिजोरी मोठ्या दरबारांच्या तुलनेत किरकोळ होती, त्याला हे सुचले. मोठमोठ्या दरबारांना सुचले नाही. म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता, छातीचा होता.

‘तो काळ वेगळा होता,’ हा यावरचा ठरलेला आक्षेप. काळ वेगळा होता हे खरे, पण तो अधिक कठीण होता. राज्य परकीयांचे, बाजारपेठ त्यांच्या मालाची, बँका देशी उद्योगाला दारात उभ्या न करणाऱ्या. आज कर्ज मिळते, शिक्षण मिळते, जगाच्या पाठीवरची माहिती तळहातावर येते. कमी झाले आहे ते धैर्य.

मात्र मध्यमवर्गाच्या भीतीला एक इतिहास आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९४८ साली गांधीहत्येनंतर सातारा-सांगली भागात घरे जळाली, दुकाने जळाली. पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार एका दिवसात राख झालेली कुटुंबे अंगावरच्या वस्त्रांनिशी पुण्या-मुंबईला गेली. नंतर कूळकायद्याने अनेकांच्या जमिनी गेल्या. घर जळते, जमीन जाते, पण पदवी आणि नोकरी कोणी हिरावून घेत नाही, हा धडा त्या पिढीने रक्ताने गिरवला आणि मुलाबाळांना दिला. त्या आजी-आजोबांना कोणी भेकड म्हणू नये. त्या वेळी तो धडा बरोबरच होता.

परंतु जाळपोळीच्या त्याच वणव्याची झळ किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही लागली होती, हेही विसरता येत नाही. लक्ष्मणराव तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि आजही तेथे पंप तयार होतात. एकाच आगीतून दोन धडे निघाले. एका धड्याने माणसे वाचवली. दुसऱ्याने माणसे घडवली. वाचण्याचा काळ केव्हाच संपला. पुण्यात सदनिका आणि बँकेत मुदतठेव असलेल्या तिसऱ्या पिढीने अजूनही जळत्या घरातून पळाल्यासारखे जगायचे, याला सावधपणा म्हणत नाहीत. त्याला सवय म्हणतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक जण लक्ष्मणराव होत नाही. जे फसतात त्यांचे काय? या प्रश्नाला सांगलीच्याच विष्णुदास भावे यांचे चरित्र उत्तर देते. १८४३ साली श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने त्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, आश्रय तुटला, डोक्यावर कर्ज उरले. भावे नाटकमंडळी घेऊन गावोगाव हिंडले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून त्यांनी खेळ केले. दरबार गेला म्हणून नाटक बुडाले नाही. ते रसिकांच्या दारी गेले. हिशेबाच्या वहीत आश्रयदात्याच्या मृत्यूनंतरचे ते दिवस तोट्याचेच दिसले असते. पण मराठी व्यावसायिक रंगभूमी त्याच तोट्यातून जन्मली. फसण्याची भीती खरी असते. मात्र फसल्यावर मार्ग संपतो, ही समजूत खोटी आहे.

यात तरुणांनीही स्वतःला सोडून देऊ नये. स्वप्नाचे नाव घेऊन आळस पोसणारे कमी नाहीत. मोबाइलवर रोज सकाळी एक प्रेरणादायी वाक्य पुढे पाठवणे म्हणजे पुरुषार्थ नव्हे. घरच्यांचा विरोध हे अनेकदा न केलेल्या कष्टांचे सोयीचे कारण असते. लक्ष्मणराव परदेशी ग्रंथ-मासिके चाळून यंत्रविद्या शिकले, खाशाबा आखाड्यात झिजले. धैर्य म्हणजे बेदरकार उडी नव्हे. उद्या सकाळी उठून त्या दिशेचे पहिले, छोटे, परंतु मागे घेता न येणारे पाऊल टाकणे म्हणजे धैर्य. आई-वडिलांचे मन भाषणाने वळत नाही. मुलाच्या हाताला पडलेले घट्टे पाहून वळते.

आणि ते वळते, याची साक्ष आजही मिळते. दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेस शर्यतीत अंतिम फेरीत धावली, पी. टी. उषांनंतर ३२ वर्षांनी धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. २०२३ साली साताऱ्याची अदिती स्वामी अवघ्या सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती झाली. वडील शाळेत शिक्षक. उसाच्या शेतातल्या मैदानावर सराव आणि महागड्या धनुष्यबाणासाठी काढलेले कर्ज, हेच त्या घराचे वैभव. शिक्षकाच्या पगारात जे बसले, ते आपल्या पगारात का बसत नाही, हे प्रत्येक सुस्थित घराने आरशासमोर उभे राहून स्वतःला विचारावे. खानापूर-विट्याकडचे गलाई व्यावसायिक तर दुष्काळाने हाकललेले लोक. सोने-चांदी गाळण्याच्या कलेवर त्यांनी देशभरातल्या शहरांत पेढ्या थाटल्या. ज्यांच्या हाती गमावण्यासारखे काही नव्हते, त्यांनी धाडस केले. ज्यांच्या हाती सारे आहे, ते मात्र मूठ आवळून बसले आहेत.

समाजसंघटनेच्या गोष्टी करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यापुढेही हाच प्रश्न आहे. गुणवंतांचे सत्कार सोपे असतात. शाल, श्रीफळ आणि छायाचित्र यांत ते आटोपतात. निकालानंतरच्या सत्काराऐवजी निकालाआधी एका धडपड्या मुलामागे किंवा मुलीमागे चार-पाच कुटुंबांनी वर्षभर उभे राहायचे ठरवले, तर काय अशक्य आहे? कोणी जागा द्यावी, कोणी यंत्राचा हप्ता भरावा, कोणी अनुभवाचे चार शब्द सांगावेत, आणि ते फसले तर ‘आम्ही म्हटलेच होते’ हे वाक्य गिळावे. कदाचित हे शेवटचेच सर्वांत अवघड असेल.

प्रत्येक गावात आजही एखादा खाशाबा मातीत घुमतो आहे, कोणाच्या तरी घराच्या मागच्या पडवीत एखादा लक्ष्मणराव लोखंड ठोकतो आहे. त्यांना बैलगाड्यांची मिरवणूक आज नको आहे. एक खर्डेकर हवा आहे. ते घर आपले असेल काय?