काचेचा हट्ट कुणासाठी?

टेक्सासमधल्या नातवाने लेपर्ड गेको पाळलाय. म्हणजे ठिपक्यांची पालच की हो! तिच्यासाठी प्लॅस्टिकचा डबा आणला, तर घरच्यांनी नाकं मुरडली. म्हणे, काचेची पेटी हवी! कुणाला? बघणाऱ्यांनाच ना? ही पाल अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या खडकाळ मुलखातली, दिवसभर कपारीत दडणारी. चहूबाजूंनी उघडं पडणं तिला कसं रुचावं? बोटांना चिकट गाद्या नसल्याने गुळगुळीत भिंत ती चढतही नाही.

डबा मात्र पॉलिप्रॉपिलीनचाच घ्यावा. चकचकीत पॉलिस्टायरीन भोकं पाडतानाच तडकतं, आणि हा जीव १५-२० वर्षं जगतो! हवेसाठी भोकं भरपूर हवीत, खालच्या हीट मॅटला थर्मोस्टॅट हवाच. यात कंजुषी केलीस तर आजोबा रागावतील, असं नातवाला कळवलंय. डबा बदलू नकोस, हेही.